दालचिनीच्या जागी नोलिना

रोहिणीबाईंच्या अंगणातली दालचिनी वाळली, तेव्हा ती आपल्याच हयगयीने गेली असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. झाड जाणं त्यांनी सोसलं. त्याच्यामागचा दोष आपला आहे, हेही सोसलं. पुढे जे कळलं ते मात्र त्यांना पेलवलं नाही.

जव्हारच्या वेशीबाहेर, उतारावर त्यांचं घर. जागा घेतली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की इथे हातभर मातीखाली कातळ आहे, झाडाचा नाद सोडा. रोहिणीबाई तेव्हा आश्रमशाळेत शिकवत होत्या. शिक्षकांच्या सहलीबरोबर त्या दापोलीकडे गेल्या आणि येताना दालचिनीचं एक रोप मांडीवर घेऊन एसटीतून आल्या. पती सुदर्शन तालुक्याच्या कचेरीत कारकून. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी रोपाकडे बघितलं आणि हे चैत्रापर्यंत टिकलं तर नशीब समज, एवढंच म्हटलं.

ते टिकलं. पावसाळ्यात जव्हारला पाण्याला तोटा नसतो, पण होळी उलटली की तेच गाव घशाला कोरड पडल्यासारखं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढी धार. घरामागच्या उतारावर खाली एक विहीर होती. रोहिणीबाई शाळेत जायच्या आधी दोन कळश्या आणि आल्यावर दोन कळश्या त्या झाडाला आणून घालत. भात धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणीही त्यालाच. बुंध्याभोवती पाचोळ्याची गादी. असं करत करत झाड छपराच्या वर गेलं. माघात त्याला तांबूस पालवी फुटायची, तेव्हा रस्त्याने जाणारे लोक हे कसलं झाड म्हणून थांबून विचारायचे. फळं धरली की बुलबुलांची झुंबड उडायची. बुडातून निघालेले फोक बाई पावसाळ्यात कापायच्या, त्यांची साल सोलून सुपात वाळवायच्या आणि त्या गुंडाळ्या ओळखीच्या घरांतून वाटायच्या. त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनींच्या घरी चहात तीच दालचिनी पडे. साखरशेतच्या तानीला तर त्यांनी बियांपासून केलेलं एक रोपच दिलं होतं. तानी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता नाचणी-भाताची शेती करणारी. तिच्या पडवीसमोर ते रोप आता चांगलं डोक्याएवढं झालं होतं.

बाई निवृत्त झाल्या आणि पाठीने दगा दिला. नाशिकला मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, भरलेली कळशी तर मुळीच नाही. मुलगा हेमंत ठाण्यात नोकरीला. तो आणि त्याची बायको योगिता दवाखान्यात होते. त्याने आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. बाईंनी घेतली.

आणि मोडलीही. वैशाखाचं ऊन, झाडाची पानं दुपारी माना टाकत होती. भाऊसाहेब रोज पहाटे हनुमान पॉइंटकडे फिरायला जात. ते गेले की बाई अर्धी कळशी आणायच्या, थांबत थांबत, कठड्याला धरून. एक दिवस भाऊसाहेब लवकर परतले. बाई विहिरीच्या वाटेवर कळशी खाली ठेवून, डोळे मिटून, एका हाताने कंबर दाबून उभ्या होत्या. त्या दिवशी भाऊसाहेब खूप बोलले. झाड मोठं की तू, असंही बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. विहिरीवर मोटर बसवू, म्हणजे प्रश्नच मिटेल, असं ठरलं. मग पाऊस आला, पाण्याची गरज संपली आणि मोटरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

ती दिवाळी फार छान गेली. हेमंत-योगिता आठवडाभर राहिले. हेमंतने पडद्यांच्या दांड्या बसवल्या, अंगणातला दिवा बदलला. बाईंनी दालचिनीचं पान घालून भात केला आणि योगिताने जाताना डबा भरून पानं नेली.

त्यानंतर झाड आजारलं. आधी एका बाजूची पानं कडेने करपली, मग सगळ्याच फांद्यांवर तांबटपणा आला. संक्रांतीला खाली पानांचा सडा पडला. आदल्या उन्हाळ्यात कमी पाणी मिळालं, त्याने मुळं कमजोर झाली, असं बाईंनी अनुमान बांधलं. डॉक्टरांचं ऐकलं म्हणून झाड मारलं आणि झाडाचं ऐकलं असतं तर पाठ गेली असती. असा पेच होता तो. भाऊसाहेबांनी ओळखीच्या एका बागवाल्याला आणून झाड दाखवलं. त्याने फांदी मोडून बघितली, मूळकूज असेल म्हणाला, बुंध्याशी उकरून बघू का असं विचारलं. आता उकरून काय करायचं, म्हणून भाऊसाहेबांनीच त्याला चहाला आत नेलं. संक्रांतीला आलेली योगिता सकाळी अंगण झाडता झाडता मध्येच थांबली आणि केरसुणी तशीच टाकून घरात गेली. बाईंना वाटलं, पोरीलाही वाईट वाटतंय.

माघात पालवी आली नाही. एका संध्याकाळी बाई पायरीवर बसून झाडाकडे बघत होत्या. भाऊसाहेब शेजारी येऊन बसले.

"माझ्या हातून गेलं का हो हे?" बाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांनी पायरीवरचं एक वाळलं पान उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "जाऊ दे. जीव होता तेवढी राहिली."

होळीनंतर माणूस लावून झाड जमिनीलगत कापलं. बुडख्यावर भाऊसाहेबांनी स्वतः घमेल्याने माती ओढली. पाडव्याच्या आधी ते मोखाड्याहून टेम्पोत घालून एक मोठी कुंडी घेऊन आले. कुंडीत नोलिना.

खाली हत्तीच्या पायासारखा फुगलेला बुंधा, वर गवताच्या पात्यांसारखी लांबलचक पानं, सगळ्या बाजूंनी खाली सोडलेली. केस धुऊन पाठीवर मोकळे सोडावेत तशी. हे वाळवंटाकडचं झाड, पाणी आपल्या पोटातच साठवतं, महिना-महिना विसरलं तरी मरत नाही, असं भाऊसाहेबांनी कौतुकाने सांगितलं. बाईंना ते आधी आवडलं नाही. खायला नाही, वासाला नाही, पाखराला नाही, असलं कसलं झाड. चहा पिता पिता दोघांचा त्यावरून वाद चाले. भाऊसाहेब म्हणत, याचा कचरा नाही, याची मुळं भिंतीत शिरत नाहीत. बाई म्हणत, याच्या पानाने भाताला काय चव येणार आहे. पण हळूहळू त्यांना त्याची सवय झाली. वारा आला की पानं सळसळत, त्याचा आवाज बरा वाटे. आपल्यासारख्या बाईला, जिला कळशी उचलायची बंदी आहे, हेच झाड ठीक, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगूही लागल्या. एवढा विचार करून हे आणलं म्हणून नवऱ्याबद्दल मनात माया दाटून यायची, तेही त्यांनी एकदोघींपाशी बोलून दाखवलं.

मृग लागायच्या आधी मोखाड्याला गोदाच्या रोपवाटिकेत, जिथून भाऊसाहेबांनी नोलिना आणला होता, बचत गटांच्या बायकांचा मेळावा होता. परसात काय लावावं, यावर बोलायला गोदाने रोहिणीबाईंना बोलावलं. बाईंनी तयारी केली. वर्गात शिकवायच्या तशा त्या उभ्या राहिल्या. एका हाताला दालचिनीचं रोप, दुसऱ्या हाताला छोट्या कुंडीतला नोलिना.

त्यांनी दोन्हींचं खरंखुरं सांगितलं. दालचिनी पानं देते, साल देते, सावली देते, कापली तरी बुडातून फुटते. पण कातळावर लावली तर उन्हाळ्याचे चार महिने तिच्यासाठी कंबर मोडते. नोलिना काहीच देत नाही, पण काही मागतही नाही. त्याला आपल्याकडच्या पावसाची तेवढी भीती. पागोळीखाली ठेवला तर कुजेल, कुंडीला खाली भोक हवं, नाहीतर उंचवट्यावर लावायचा. मग त्यांनी आपल्या झाडाची गोष्ट सांगितली. पाणी कमी पडलं आणि इतक्या वर्षांचं झाड डोळ्यांदेखत वाळलं. "माझ्यासारखी दालचिनीच्या मागे लागू नका," त्या म्हणाल्या. "विहीर अंगणात असेल तरच लावा. नाहीतर आहे ती काढा आणि जीव सोडवा." बायका शांतपणे ऐकत होत्या. मागच्या रांगेत तानी बसली होती. ती मान हलवत होती.

मेळावा संपला. बायका रोपं बघत फिरू लागल्या. गोदाने बाईंना चहा दिला आणि बोलता बोलता म्हणाली की मोठा नोलिना मिळवताना तिची फार धावपळ झाली. इकडे छोटेच येतात, पुण्याकडून मागवावा लागला, म्हणून भाऊसाहेबांना इतके महिने थांबावं लागलं.

"इतके महिने कसले?" बाई म्हणाल्या. "होळीनंतर तर झाड कापलं."

"नाय बाई, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं त्यांनी. मी झेंडूची फुलं विकायला बसले होते, तेव्हा आले ते. दालचिनीच्या जागी ठेवायचाय, चांगला थोराड बघ म्हणाले."

गोदा दुसऱ्या बाईशी बोलायला वळली. तिला आपण काय बोलून गेलो याची कल्पनाही नव्हती. बाईंनी कप खाली ठेवला. दिवाळीत झाड हिरवंगार होतं. त्याच झाडाचं पान त्यांनी भातात घातलं होतं.

मोखाड्याहून जव्हारला येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते त्यांना दिसलं नाही. त्या स्वतःची समजूत घालत होत्या. गोदाचा महिना चुकला असेल. भाऊसाहेबांना नोलिना तसाच हौसेने हवा असेल, झाडाच्या शेजारी ठेवायला. पण गोदा म्हणाली होती, दालचिनीच्या जागी. उकरून बघू का म्हणणाऱ्या बागवाल्याला आत नेणारे भाऊसाहेब आठवले. बुडख्यावर स्वतः माती ओढणारे भाऊसाहेब आठवले, जे घरात कधी कुदळीला हात लावत नसत. 

घरी आल्या तेव्हा ऊन कलत होतं. भाऊसाहेब बाजारात गेले होते. बाईंनी पर्स पायरीवर ठेवली, खुरपं घेतलं आणि नोलिनाच्या कुंडीशेजारी खाली बसल्या. वाकायची बंदी होती, म्हणून फतकल मारून बसल्या. माती मऊच होती. बुडखा लागला. त्याच्याभोवती त्या खुरप्याच्या टोकाने साफ करत गेल्या. घराकडच्या बाजूला, जमिनीच्या जरा खाली, एक भोक होतं, बोटाएवढं, गोल, तिरपं आत गेलेलं. तोंडाशी मेण भरलेलं. जरा पलीकडे दुसरं. मग तिसरं.

फाटक वाजलं. भाऊसाहेब पिशवी घेऊन आत आले आणि जिथे होते तिथेच थांबले.

बाईंनी वर बघितलं नाही. "यात काय घातलं होतंत?"

भाऊसाहेबांनी पिशवी खाली ठेवली. खोटं बोलावं की नाही, याचा ते विचार करत असावेत. मग म्हणाले, "तणनाशक. बांधावरच्या गवताला मारतात ते."

"भोकं कशाने पाडली?"

"हेमंतने ड्रिल आणलं होतं. पडद्यांसाठी."

बाईंनी बोटाने भोकातलं मेण खरवडलं. भाऊसाहेब मग बोलत सुटले. ती पडली असती तर काय झालं असतं, डॉक्टर काय म्हणाले होते, मणक्यात बसवलेला स्क्रू निसटला की माणूस अंथरुणाला खिळतो. डॉक्टरांनी सांगूनही ती ऐकत नव्हती. हेमंतच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पुढच्याच आठवड्यापासून मोडली. पहाटे फिरून आलं की झाडाखाली ओल दिसायची, ते रोज बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मग त्या दिवशी तिला वाटेत तशी उभी बघितली आणि त्यांनी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्यात हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

"तूसुद्धा मला रोज फसवतच होतीस की," ते शेवटी म्हणाले.

"होते," बाई म्हणाल्या. "पाठ माझी होती."

खुरपं बाजूला ठेवून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. साठी उलटलेला, ताठ, रोज पहाटे हनुमान पॉइंटपर्यंत जाऊन येणारा माणूस. दम न लागणारा. बायका विचारायच्या, भाऊसाहेबांची तब्येत कशी ठेवलीत हो. ते फिरायला जाताना विहिरीवरूनच जात.

"तुम्ही दोन कळश्या का आणल्या नाहीत?"

भाऊसाहेबांना प्रश्न कळला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"झाड मारायचं सुचलं तुम्हाला. भोकं पाडायची, औषध आणायचं, मेण लावायचं, बदली झाड सांगून ठेवायचं, सगळं सुचलं. दोन कळश्या पाणी आणून घालावं, हे नाही सुचलं?"

 भाऊसाहेबांना खरंच सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घरात पाणी नेहमी बाईंनीच आणलं होतं. दुसरं कुणी ते आणू शकतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आता बाईंनी बोलून दाखवल्यावर तो त्यांनाही प्रथमच दिसला, आणि ते पायरीवर बसले.

"आणि मी तुम्हाला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "याच पायरीवर. माझ्या हातून गेलं का, असं विचारलं होतं. तेव्हा तरी सांगायचं."



बाईंनी हेमंतला फोन लावला. त्याने आधी कामात असल्याचं सांगितलं, मग आईने भोकांचं विचारलं. तुझ्यासाठीच केलं आई, बाबांनी विचारलं आणि मला पटलं, एवढं म्हणून तो रडायलाच लागला. मागून योगिताने फोन घेतला. ती म्हणाली की तिला नंतर कळलं. संक्रांतीला अंगण झाडताना सांगून टाकावं असं फार वाटलं होतं, पण घरातलीच माणसं, कुणाला उघडं पाडायचं. बाई म्हणाल्या, बरं. आणि फोन ठेवला. सुनेवर चिडायचं त्यांना बळ नव्हतं. एवढंच कळत होतं की त्या दिवसांत ज्या-ज्या माणसापाशी त्या झाडासाठी रडल्या, त्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. आजारी माणसापासून रिपोर्ट लपवावा, तसं त्यांच्यापासून त्यांचंच झाड लपवलं होतं.

जेवायच्या वेळी भाऊसाहेबांनी हळूच विचारलं, ही गोष्ट बाहेर जाऊ नये, एवढं करशील ना. गावात चार लोकांत उठबस आहे. मूळकूज झाली असं आपण सांगितलंच आहे, तेच राहू दे.

त्या क्षणापर्यंत बाईंना त्यांची दयाही येत होती. आता ती ओसरली.

"मी पन्नास बायकांसमोर उभं राहून खोटं सांगून आले आज," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून तुम्ही ते बोलवून घेतलंत. आता ते मीच निस्तरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साखरशेतला गेल्या. तानीच्या घरी पोचेपर्यंत धाकधूक होती, कारण तानी बाईंचा शब्द खाली पडू देणारी नव्हती. पडवीसमोर आल्या आणि त्यांनी बघितलं. दालचिनी आडवी पडली होती. डोक्याएवढं ते झाड, पानं अजून हिरवी, चुरगळलेल्या पानांचा वास अंगणभर. तानी पहार घेऊन बुडखा उपटायच्या तयारीत होती. बाईंना बघून तिने पदराने तोंड पुसलं.

"तुम्ही काल सांगलां ना बाई, आहे ती काढा," ती म्हणाली. "माझी विहीर तं पार खाली हाय. म्हटलं, पावसाच्या आधी काढून टाकू."

बाईंनी तिच्या हातातली पहार धरली. तानीने ती सोडली. बाईंनी सांगितलं की बुडखा उपटू नको, पावसात तो पुन्हा फुटेल, चार-पाच फोक येतील, त्यातले दोन ठेव. आणि मग तिथेच उभ्या राहून त्यांनी बाकीचंही सांगितलं. झाड तहानेने मेलं नव्हतं. ते मारलं होतं.

"कोणी?"

"भाऊसाहेबांनी. आणि हेमंतने."

 तानीने पडवीत चटई टाकली, बाईंना भिंतीला पाठ टेकून बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. चहा पिताना दोघी त्या आडव्या झाडाकडे बघत होत्या. चहा संपल्यावर तानी म्हणाली, "मग आता घरी जासाल का नाय?"

"जाईन," बाई म्हणाल्या. "घर माझंही आहे. हप्ते मीही भरलेत त्याचे."

पावसाळ्यात गोदाने पुन्हा बायका जमवल्या, त्या दिवशी बाई आपणहून उठून बोलल्या. त्यांनी नाव घेतलं नाही. घरातल्याच माणसाने झाडात औषध भरलं, मला माहीत नव्हतं, म्हणून मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, असं म्हणाल्या. घरातलं माणूस म्हणजे कोण, हे काय कुणाला सांगावं लागतं. चार दिवसांत ते जव्हारच्या बाजारात पोचलं. भाऊसाहेबांनी पहाटेचं फिरणं काही दिवस बंद ठेवलं. त्या मेळाव्यानंतर दोघीतिघींनी काढलेली दालचिनी पुन्हा लावली असं गोदा सांगत होती. काहींनी नोलिना नेला. ज्याला जे परवडतं ते त्याने लावावं, असंच बाईंनी या वेळी सांगितलं होतं.

हेमंत-योगिता आषाढात आले, ते दालचिनीचं एक कलम घेऊनच. हेमंतने स्वतः खड्डा खणायची तयारी दाखवली. बाईंनी त्याला जेवायला वाढलं, त्याची विचारपूस केली, पण कलमाला हात लावला नाही. "लावायचं तर तुम्ही लावा, तुम्ही जगवा," त्या म्हणाल्या. "मी आता या अंगणात काही लावणार नाही." हेमंत दोन दिवस थांबला, कलम पिशवीतच राहिलं, आणि जाताना योगिता ते साखरशेतला तानीकडे देऊन आली. नोलिनाला मात्र बाईंनी काही केलं नाही. तो पागोळीखाली येत होता, म्हणून जोराचा पाऊस लागला तेव्हा तानीच्या नवऱ्याच्या मदतीने त्यांनी तो कुंडीसकट पडवीत सरकवला. त्या झाडाचा त्यात काही गुन्हा नव्हता.

घर चालू राहिलं. भाऊसाहेब आता सकाळी विचारत, पाणी आणू का, आणि आणतही. बाई घेत. बोलणंचालणंही होतं, पेन्शनचं, औषधांचं, पाहुण्यांचं. राग हळूहळू उतरला. पण भाऊसाहेब काही सांगत आणि बाईंना नुसतं त्यांचं सांगणं पुरत नसे, एवढं मात्र मागे राहिलं.

भाद्रपदात एका सकाळी भाऊसाहेबांनी आत येऊन सांगितलं की रात्रीच्या वाऱ्याने न्हाणीमागच्या शेवग्याची मोठी फांदी मोडली. बाई चूल सारवत होत्या. त्यांनी हात पुसले, चपला घातल्या आणि चिखलातून मागे गेल्या. फांदी खाली पडली होती, खोडावर पांढरी चिरफाळ उठली होती. बाईंनी ती बोटांनी चाचपून बघितली, वरपासून खालपर्यंत, मग खोडाच्या पलीकडची बाजूही बघितली. भाऊसाहेब दारात उभं राहून बघत होते. फांदी वाऱ्यानेच मोडली होती. बाई पाय धुऊन आत आल्या आणि त्यांनी उरलेली चूल सारवायला घेतली.